हेही पाहा

एका माणसाला किती खण द्यायचे?
इंग्रज गृहस्थ. फोटोत कपाळ मोठं, टाय वाकडा,
हातात पाइप, बहुधा फोटोपुरताच पेटवलेला.
नाटकं सोळा, कादंबऱ्या अकरा,
आणि पोटदुखीवर एक पुस्तक.
ते निघाले विनोदी लेख, पण मी नुसतं नाव वाचून
वैद्यकात लावलं. तीन वर्षं तिथेच होतं.
तक्रार आली नाही. एका वैद्यांनी तर मुदत वाढवून घेतली.

आमच्या बडोद्याच्या वाचनालयाला काचेची जमीन.
तेव्हा कादंबऱ्या वर, नाटकं खाली.
वर कुणी चाललं की खालच्या पुस्तकांवरून
दोन धूसर तळवे सरकत जायचे,
एका जागी थांबायचे,
आणि मला कळायचं, सिस्टर मॅकवान आल्या.

त्या रात्रपाळी संपवून थेट इथे यायच्या.
आत खूण म्हणून बसचं तिकीट, कधी बँडेजची पट्टी.
मला म्हणायच्या, "बेन, हा माणूस बायकांशी
खोटं बोलत नाही." आणि दुसरा भाग मागायच्या,
जो त्याने लिहिलाच नव्हता.

खाली त्याच वेळी दिघे. जकात नाक्यावर कारकून,
गणपतीत दांडिया बाजारच्या मंडळाचे
लेखक, नट, दिग्दर्शक आणि पडदा ओढणारे.
दरवर्षी तेच एक नाटक नेत.
बटलरचा गणपा केला, शेरीचं आवळा सरबत.
शेवटी नवरा दार उघडून कायमचा जातो
आणि बाहेर बर्फ पडत असतो.
बडोद्यात बर्फ! दिघ्यांनी पिंजाऱ्याकडून
दोन शेर कापूस आणला.
पहिल्या रांगेतल्या आजोबांना वाटलं
घरातली गादी फाटली.
तरी दिघे असे जात, पाठ अशी ताठ,
की माणसं उभी राहून टाळ्या वाजवत.
नवऱ्याचं काम अर्थात त्यांचंच.

मी ती कादंबरी वाचली एका पावसाळी दुपारी,
कार्डासाठी, म्हणजे चाळायची म्हणून.
घर तेच. दार तेच. बर्फ तोच.
फक्त नवरा गेल्यानंतर सुरू होते.
बाई दार लावते. ओल्या बुटांचे ठसे पुसते.
मग दोनशे साठ पानं जगते.
त्याने हे वीस वर्षांनी लिहिलं होतं.
वीस वर्षं ती त्याच्या डोक्यात
त्या खोलीत उभी असणार.

नियमात एकच जागा होती,
कार्डाच्या तळाशी, बोटभर.
मी पेन्सिलीने लिहिलं, नाटकाच्या कार्डावर:
हेही पाहा.
पुढे कादंबरीचा क्रमांक.

दिघे पहिल्यांदाच जिना चढले.
खालून मी त्यांच्या चपला पाहिल्या,
पांढऱ्या चपलांपासून हातभर लांब.
दोघं काही बोलले की नाही, काच ऐकू देत नाही.

दोन दिवसांत पुस्तक परत.
म्हणाले, "हे आधी सांगायला हवं होतं तुम्ही."
मी म्हटलं, मी कार्डं लिहिते.
त्या वर्षी मंडळात जादूचे प्रयोग झाले.

त्याच्या पुढच्या वर्षी नाटक पुन्हा लागलं.
दिघे गेले. कापूस पडला. टाळ्या.
आणि पडदा पडेना.
बायकोच्या कामातली कुंदा सबनीस
खाली बसली, आणि जमिनीवरचा कापूस
एकेक करून वेचायला लागली.
टाळ्या थांबल्या. कुणी खोकलं.
मागून भेळवाल्याची घंटा आली.
ती वेचतच राहिली, पदरात, सगळा,
खुर्चीखालचासुद्धा.

सिस्टर माझ्या शेजारी होत्या. मराठी त्यांना
अर्धंच कळायचं. पुटपुटल्या,
"बीजो भाग."

आता ते खण नाहीत. कार्डं कुठे गेली
कोण जाणे, म्हणतात की रद्दीत.
नव्या यंत्राने त्याला एका नावाखाली
सलग मांडलंय, सोळा आणि अकरा,
नीट, वर्षवार.
पोटदुखी मात्र अजून वैद्यकातच आहे.
मी सांगितलेलं नाही.